शाळेच्या कपाटातला ‘उल्का?’ लिहिलेला दगड : नोंद कशी करावी?

सड्यावरची_बाई | ५ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेचं छप्पर गळायला लागलं म्हणून मागचं लाकडी कपाट हलवलं, तर तळाशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दगड निघाले. मोजले, २३ भरले. माझ्या आधी इथे शिकवणाऱ्या एका सरांनी जमवलेले असणार. सर आता हयात नाहीत, त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्नच आहे. प्रत्येक दगडाखाली एक चिठ्ठी. बरेचसे ओळखता येतात: जांभा, काळा कातळ, दोन-तीन गारगोट्या, घाटावरून आणलेला झिओलाइट. एक मात्र लहान मुलाच्या मुठीएवढा, काळाकुट्ट आणि आकाराच्या मानाने भलताच जड. त्याच्या चिठ्ठीवर ‘उल्का? किनाऱ्याला, भरतीच्या’ एवढंच उरलंय. पुढचं कसरीने खाल्लं.

लगेच हुरळून जाणाऱ्यांतली मी नाही. पण बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या खड्यांचे फोटो पाहिल्यापासून डोक्यात घोळतंय की अवकाशातून आणलेल्या दगडांची जशी नोंद करतात तशी, आपल्या कुवतीत, मुलांना घेऊन ह्या २३ दगडांची करावी. फोटो पुरेत की थ्रीडी हवं? काय काय लिहायचं? आणि ह्या दमट हवेत फायली ठेवायच्या कुठे? हाताशी माझा साधा मोबाईल, शाळेचा एक लॅपटॉप आणि ओळखीच्या सोनाराचा काटा एवढंच आहे.

भरतीओहोटी | ५ जुलै, रात्री ९.५२

आधी फोटो टाका ना बाई! उल्का म्हटल्यावर धीर धरवत नाही.

सड्यावरची_बाई | ५ जुलै, रात्री १०.०५

टाकते. पण फोटो चढायला सड्यावर जाऊन उभं राहावं लागतं, आणि आत्ता तिथे छत्रीसकट उडून जाईन.

गाभ्यातला_माणूस | ५ जुलै, रात्री ११.३०

मी मूळचा गुहागरकडचा. पुण्यात एका प्रयोगशाळेत मायक्रो-सीटी मशीन चालवतो, म्हणजे दगड न फोडता त्याच्या पोटातलं बघण्याचं काम. त्यामुळे ह्या विषयावर जरा जास्तच बोलेन, सांभाळून घ्या.

ताई, फोटोच्या आधी क्रमांक. अपोलोच्या सहा मोहिमांनी १९६९ ते १९७२ ह्या काळात चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली. मूळ नमुने सुमारे २,२००. शास्त्रज्ञांना वाटता वाटता त्यांचे आज लाखावर तुकडे झालेत, आणि तरी कुठला तुकडा कुठल्या दगडाच्या कुठल्या बाजूचा हे सांगता येतं. हे कॅमेऱ्यामुळे साधलेलं नाही, हिशेबामुळे साधलंय. प्रत्येक नमुन्याला पाच आकडी क्रमांक. १५ ने सुरू होणारा अपोलो १५ चा, ६ ने सुरू होणारा अपोलो १६ चा, ७ ने सुरू होणारा अपोलो १७ चा. दगडाचा तुकडा काढला की स्वल्पविराम देऊन पुढे त्याचा स्वतःचा आकडा. वजनाचा मेळ घालायचा तो आपल्या किराणा दुकानातल्या रोजमेळासारखा: मूळ दगड किती होता, तुकडे किती झाले, करवतीखाली भुकटी किती पडली. भुकटीसुद्धा जमेला धरायची, फेकायची नाही.

आणि ही नोंद ह्यूस्टनला नासाच्या प्रयोगशाळेत सुरू झाली नाही, चंद्रावर उभं असतानाच झाली. उचलण्याआधी दगडाचा जागेवर फोटो. त्या फोटोत नोमोन नावाची तिपाई, तिच्यावर उभी दिशा दाखवणारी दांडी आणि रंगांची पट्टी. उचलल्यावर रिकाम्या जागेचा पुन्हा फोटो. मग पिशवीचा नंबर रेडिओवर मोठ्याने वाचायचा, म्हणजे खाली कोणीतरी लिहून घेतं. १५४१५ हा ‘जेनेसिस रॉक’, १ ऑगस्ट १९७१ ला स्कॉट आणि आयर्विन ह्या अंतराळवीरांनी स्पर विवराच्या काठावरून उचललेला, २६९ ग्रॅमचा. चार अब्ज वर्षांहून जुना ॲनॉर्थोसाइट, म्हणजे एक पांढरट खडक.

एवढा खटाटोप का? चंद्राच्या दगडाची जी बाजू आभाळाकडे असते तिच्यावर सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने बारीक खळगे पडतात, आणि वैश्विक किरणांचा परिणामही त्या बाजूला वेगळा दिसतो. वरची बाजू कुठली हे विसरलं की ती सगळी माहिती गेली. म्हणून प्रयोगशाळेतल्या फोटोंत दगडाशेजारी एक छोटा घन ठेवलेला असतो. त्याच्या अंगावर चार दिशांची, वरची आणि खालची अशी अक्षरं. दगड फिरवला की घनही तसाच फिरवायचा.

तुमच्या दगडांची ‘वरची बाजू’ सरांबरोबर गेली. उरली ती चिठ्ठी. तेव्हा आधी चिठ्ठ्यांचे फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, कसरीच्या भोकांसकट. मग त्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. कुठली चिठ्ठी कुठल्या दगडाखाली होती ह्याचा घोळ झाला तर सगळंच मुसळ केरात.

बांगडा_फ्राय | ६ जुलै, सकाळी ७.१५

अरे म्हाराजा! दगडाक नंबर दिलो म्हणून तो चंद्रावरचो होवचो नाय. आमच्या पानंदीत असले काळे दगड ढिगान पडलेत, सगळ्यांक नंबर देऊक बसलंय तर भात लावणी कोण करतलो?

भिंगवाला | ६ जुलै, सकाळी ८.४०

बांगडा, तू लावणी कर, आम्ही नंबर देतो.

बाई, मी दापोलीत लग्नाचे फोटो काढतो, पण दगड आणि किडे हे माझं खरं व्यसन. बेन्नूचे ते फोटो तुम्हाला इतके का आवडले ते सांगतो. बेन्नू कोळशासारखा काळा. अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम ४ टक्के परत फेकतो. असा काळा खडा जवळून टिपताना एका वेळी एखादा कणच स्पष्ट येतो, बाकी धूसर. म्हणून फोकस थोडा थोडा पुढे सरकवत बरेच फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग जुळवून एक फोटो करायचा. ह्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. बेन्नूवरचे खडे आणणाऱ्या नासाच्या ऑसिरिस-रेक्स यानाची कुपी २४ सप्टेंबर २०२३ ला युटाच्या वाळवंटात उतरली. पुढे नमुन्याच्या डब्याच्या ३५ खिळ्यांपैकी दोन काही केल्या निघेनात. त्यासाठी नवीन हत्यारं बनवली, ते जानेवारी २०२४ मध्ये सुटले, आणि झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी काय केलं, तर आहे तसा फोटो. सगळं मिळून १२१.६ ग्रॅम भरलं. अपेक्षा ६० ग्रॅमची होती.

आता आपला जुगाड. थ्रीडी जमेल, घाबरू नका. ह्या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात: एकाच वस्तूचे सगळीकडून फोटो, आणि शेजारशेजारच्या दोन फोटोंत साठ-सत्तर टक्के भाग तोच. मेशरूम नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यातून आकार उभा करतं. शाळेचा लॅपटॉप धापा टाकेल, रात्रभर चालू ठेवा (वीज राहिली तर). नासानेही अपोलोच्या आणि अंटार्क्टिकातल्या उल्कांच्या काही दगडांची अशीच थ्रीडी रूपं केलीत. बाहेरचा आकार फोटोंवरून आणि आतला सीटीवरून. ती कोणालाही घरबसल्या फिरवून बघता येतात.

दगड ठेवायला केकवाल्यांकडे असतो तो फिरता पाट घ्या. पाटावर वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे सॉफ्टवेअरला पकडायला अक्षरं मिळतात. पण पाट फिरवणार असाल तर मागची भिंत फोटोत येऊ देऊ नका, तिथे कोरी चादर लावा. नाहीतर दगड फिरतोय आणि भिंत थांबलीय हे बघून सॉफ्टवेअर गोंधळतं. शेजारी स्टीलची पट्टी. फ्लॅश अजिबात नको. काळ्या दगडावर फ्लॅशचे पांढरे ठिपके येतात आणि सॉफ्टवेअर त्यांनाच दगड समजतं. जुलैतल्या ढगाळ दुपारी पडवीत जो सपाट उजेड असतो तो स्टुडिओवाल्यांना पैसे देऊन मिळत नाही. मोबाईलचं एक्स्पोजर हाताने थोडं वाढवून कुलूप करा, म्हणजे प्रत्येक फोटोत तेच राहील.

आणि एक. चकाकणाऱ्या वस्तू टिपताना काही जण पावडर फवारतात. तुमच्या दगडावर पावडर, तेल, काही काही नको.

भरतीओहोटी | ६ जुलै, दुपारी १.१०

दगड हाताने धरला तर चालतो का? सिनेमात पांढरे हातमोजे असतात.

गाभ्यातला_माणूस | ६ जुलै, दुपारी २.००

ह्यूस्टनला चंद्राचे दगड नायट्रोजन भरलेल्या काचपेट्यांत असतात, पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून काम करायचं. दगडाला लागणाऱ्या गोष्टी मोजक्या ठरलेल्या: स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम, टेफ्लॉन. जपानने ह्याच्याही पुढे जाऊन हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये आणलेले रयुगू लघुग्रहाचे ५.४ ग्रॅम नमुने आधी निर्वातातच उघडले. त्यांची नावं ठेवायची रीत मला फार आवडते. पहिल्यांदा जिथे उतरून नमुना घेतला तिथल्या खड्याला ‘ए’, दुसऱ्या जागेच्या खड्याला ‘सी’, पुढे चार आकडे. नुसतं नाव वाचलं की तो कुठल्या जागेचा ते कळतं.

शाळेत नायट्रोजन कुठून आणणार! पण स्वच्छ धुतलेले, वाळवलेले हात किंवा साधे नायट्राइलचे मोजे, आणि दगडाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. खारा वारा दगडाला सोडत नाही. लोखंड असलेली उल्का असेल तर क्षारांमुळे तिला आतून गंज धरतो आणि पापुद्रे सुटतात. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरा (त्या तव्यावर नंतर घावणे घालू नका).

जुनं_दप्तर | ६ जुलै, रात्री ८.२०

मी मालवणचा. एका सरकारी कचेरीत अभिलेख सांभाळण्यात ३१ वर्षं गेली. दगडातलं मला ओ की ठो कळत नाही, पण फायली कशा मरतात ते बघितलंय. २००४ मध्ये आमच्याकडे नकाशे स्कॅन करून सीडीवर भरले होते. २०१५ मध्ये कपाट उघडलं तर सीडींवर बुरशीची नक्षी. शंभरातल्या चाळीस वाचल्या. मूळ नकाशे ‘आता स्कॅन झालेत’ म्हणून कुठल्याशा गोदामात गेले होते, ते काही परत मिळाले नाहीत. तेव्हा पहिली विनंती: स्कॅन झालं म्हणून दगडाची हेळसांड होऊ देऊ नका.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. माणूस चंद्रावर उतरला त्या अपोलो ११ चं मूळ प्रक्षेपण ज्या टेपांवर होतं त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असणार, असं नासाने २००९ मध्ये शोधाशोध करून मान्य केलं. उलट गोष्टही आहे. १९६६-६७ मध्ये नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी काढलेल्या चंद्राच्या फोटोंच्या टेपा जपून ठेवलेल्या होत्या, पण त्या वाचणारी यंत्रं कालबाह्य झाली. काही मंडळींनी २००८ पासून ॲम्पेक्स कंपनीची जुनी टेप-यंत्रं दुरुस्त करून, बंद पडलेल्या एका मॅकडोनाल्ड्सच्या इमारतीत बसून ते फोटो परत मिळवले, आणि ते आधीपेक्षा किती तरी सरस निघाले. टेप होती म्हणून यंत्र शोधता आलं. यंत्र असून टेप नसती तर?

माझं सांगणं असं. मूळ फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच ठेवा, त्यावर हात फिरवू नका. रंग-बिंग दुरुस्त करायचे तर दुसऱ्या प्रतीवर. चॅटवरून पाठवलेला फोटो ही मूळ प्रत नव्हे, तो लहान होऊन येतो आणि त्यातली तारीख-वेळही बऱ्याचदा गळून पडते. फाइलच्या नावात दगडाचा क्रमांक, तारीख, बाजू. ‘नवीन फोटो फायनल २’ असलं नाव दिसलं तर मी राजापूरला येऊन भांडेन. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. दुसरं गाव म्हणजे शक्यतो घाटावर, एकाच पुरात दोन्ही नकोत. वर्षातून एकदा, म्हणजे दसऱ्याला शस्त्रपूजेच्या दिवशी समजा, सगळ्या प्रती उघडून बघा. आणि सगळी यादी एका जाड वहीत पेनने. वही चार्ज करावी लागत नाही.

भिंगवाला | ६ जुलै, रात्री ८.४५

काका, ‘फायनल २’ वाला मी आहे. गुन्हा कबूल.

खडपावरची | ७ जुलै, सकाळी १०.३०

रत्नागिरीत भूशास्त्र शिकतेय, शेवटचं वर्ष. सगळे नोंदीवर बोलताहेत, पण दगड आहे काय हेही बघूया. काही फोडायचं, घासून पॉलिश करायचं नाही. पाण्यातही लगेच घालू नका.

भिंगातून बघा. ताज्या पडलेल्या उल्केवर काळी, पातळ, जळलेली साय असते, जुन्यावर ती तपकिरी होते. पृष्ठभागावर अंगठ्याने दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात. पण गोल बुडबुड्यांची भोकं दिसली तर उल्केची आशा जवळजवळ सोडाच. मग लोहचुंबक दोऱ्याला टांगून जवळ न्या. चिकटला म्हणून नाचू नका, आपल्या काळ्या कातळातही मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असतं आणि ते चुंबकाला ओढतं. मग न्हाणीघराच्या टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर हलकीच एक रेघ. लालसर उठली तर हेमॅटाइट, काळी ठळक उठली तर मॅग्नेटाइट. उल्केची सहसा रेघ उठत नाही.

तरीही शंका राहिली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवायचं. आपल्याकडे उल्कांचा सांभाळ त्यांच्याकडे आहे. २२ मे २०१२ ला नागपूरजवळ काटोलला दगड पडले तेव्हा पडल्याची वेळ, जागा, गोळा केल्याची नोंद होती, म्हणून त्यांच्यावर आजही संशोधन होतं. उलटं उदाहरण हॉलंडचं. तिथल्या मोठ्या संग्रहालयात ‘चंद्रावरचा दगड’ म्हणून सांभाळलेली वस्तू २००९ मध्ये तपासली तर अश्मीभूत लाकूड निघालं! वस्तूबरोबर ती कुठून आली ह्याचा धड कागद नसला की असं होतं.

अवांतर: भरतीच्या रेषेवरची काळी वाळू मुलांना दाखवा. तिच्यात इल्मेनाइट आहे, टायटॅनियमचं खनिज. अपोलो ११ आणि १७ ने आणलेल्या बेसाल्टमध्येही, म्हणजे तिकडच्या काळ्या कातळातही, इल्मेनाइट भरपूर आहे. आपण ज्या वाळूत अनवाणी फिरतो तिच्यातलं खनिज तिकडे नायट्रोजनच्या पेटीत.

बांगडा_फ्राय | ७ जुलै, दुपारी १२.०५

ह्या वाळवेचा मात्र म्हायत नाय होता. पोरांक दाखवतंय.

एक विचारू? सीटी स्कॅन म्हणजे एक्स-रेच ना? मग तुम्ही दगडाक हात लावूक देत नाय आणि एक्स-रे मारतास, ता कसा चालता?

गाभ्यातला_माणूस | ७ जुलै, दुपारी १.४०

बांगडा, इतका चांगला प्रश्न आमच्या सेमिनारमध्येही कोणी विचारत नाही. चालतं, पण फुकट चालत नाही. दगडाच्या स्फटिकांत नैसर्गिक किरणोत्साराचा हिशेब साठलेला असतो, दगड तापवला की तो मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. एक्स-रे त्या हिशेबात आपली भर घालतो. म्हणून स्कॅनआधी थोडा भाग बाजूला काढून ठेवणं आणि कुठल्या तुकड्याने किती एक्स-रे खाल्ला ते लिहून ठेवणं बरं. नोंद करताना आपण दगडात जो बदल करतो, तोही नोंदीत यायला हवा.

फायदाही तेवढाच मोठा. अपोलो १७ ने १९७२ मध्ये मातीत नळी ठोकून घेतलेला एक नमुना निर्वातात बंद करून पन्नास वर्षं तसाच ठेवला होता, क्रमांक ७३००१. तो २०२२ मध्ये उघडला. उघडण्याआधी सीटीने आत बघून घेतलं, कुठे खडा आहे, कुठे पोकळी, म्हणजे उपसताना आंधळेपणाने हात घालावा लागला नाही. १९७२ च्या लोकांनी तो मुद्दाम न उघडता ठेवला, कारण पुढे आपल्याहून बरी यंत्रं येतील ह्याची त्यांना खात्री होती. चंद्रावरून नमुना आणायच्या चांद्रयान-४ मोहिमेला सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिलीय, २,१०४ कोटींची. तो नमुना आला की आपल्याकडेही कोणाला तरी ठरवावं लागेल की कुठला भाग उघडायचा आणि कुठला नातवंडांसाठी ठेवायचा. मला त्या बैठकीत कोपऱ्यात का होईना, बसायला आवडेल.

सड्यावरची_बाई | १९ जुलै, रात्री ९.१५

उशीर झाला, मधले चार दिवस वीज नव्हती. सांगते काय काय झालं ते.

नववीची सहा मुलं घेतली. आधी चिठ्ठ्यांचे फोटो. तिथेच एक घोळ सापडला, दगड २३ आणि चिठ्ठ्या २४! एक दगड कधीतरी कोणीतरी उचलून नेलाय. चिठ्ठीवर ‘स्फटिक, आंबा घाट’ आहे, म्हणजे नेणाऱ्याची नजर चांगली होती. त्या नसलेल्या दगडालाही क्रमांक द्यायचा असं मुलांनी ठरवलं. मी नको म्हणत होते, पण त्यांचंच बरोबर वाटलं.

मग उल्का. पडवीत, सोनाराच्या काट्यावर ४१२.६ ग्रॅम. भिंगातून बघणारी मुलगी बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, बाई, ह्याला आंबोळीसारखी जाळी पडलीय. तुटलेल्या एका कोपऱ्यावर बारीक गोल भोकं, एकात एक. मी पुन्हा पाहिलं, भोकंच होती. चुंबक ओढत होता, पण एकाच बाजूने. आता पाण्याची भीती उरली नव्हती म्हणून दोऱ्याने टांगून बादलीत बुडवून तोलला. वजनात ११५.३ ग्रॅमची घट, म्हणजे घनता ३.५८. खडपावरची, पुस्तकात बघितलं, दगडी उल्कांची घनताही साधारण ह्याच आसपास असते! नुसत्या काट्यावर विसंबले असते तर आज तुम्हाला पेढे वाटले असते.

तर ही लोखंडाच्या भट्टीतली मळी. वैद्य ज्याला मंडूर म्हणतात त्यातलीच. किनाऱ्यावर कशी आली असेल ते शोधायचं आहे. बंदरात कधी लोहाराची भट्टी होती का, हे मुलं म्हाताऱ्या माणसांना विचारणार आहेत.

थ्रीडी तिसऱ्या खेपेला जमलं. पहिल्या दोनदा मागे मुलांची डोकी येत होती. मूळ फोटो लॅपटॉपवर, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक कोल्हापूरला बहिणीकडे. वहीतली नोंद मुलांच्या शब्दांत जशीच्या तशी देते:

‘राजा ०७. चिठ्ठी: उल्का? किनाऱ्याला, भरतीच्या (पुढे कसर). वजन ४१२.६ ग्रॅम. घनता ३.५८. रंग काळा, तुटलेल्या कडेला करडा. बुडबुडे आहेत, मोजलेले ४१, आणखी असतील. चुंबक: एका बाजूने. वरची बाजू: माहीत नाही, आम्ही चिठ्ठीला टेकलेली बाजू खालची धरली. पाण्यात बुडवला: हो, एकदा, १६ जुलै. ओळख: मळी. सरांचं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं आहे.’

जुनं_दप्तर | १९ जुलै, रात्री ९.३०

‘पाण्यात बुडवला: हो, एकदा.’ कोणी लिहिलं हे?

सड्यावरची_बाई | १९ जुलै, रात्री ९.३४

जाळी बघणाऱ्या मुलीनेच. तिचा दादाही तिच्याच वर्गात आहे, तो म्हणत होता हे लिहू नको, बाई ओरडतील.

बांगडा_फ्राय | १९ जुलै, रात्री १०.०२

बाई, लावणी संपली. आमच्या पानंदीतलो एक काळो दगड धुवून ठेवलंय. म्हणजे धुतलंय असा पण लिवूचा लागात ना?